दिग्गजांची नक्कल करावी का? पुण्याच्या नेटपासून जालन्याच्या मैदानापर्यंत

२०११-१२ च्या हंगामात एका सतरा वर्षांच्या डावखुऱ्या फलंदाजाने कूचबिहार करंडकाच्या सामन्यात आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या. स्पर्धा १९ वर्षांखालील मुलांची, संघ महाराष्ट्राचा, मुलगा जालन्याचा. विजय झोल हे नाव त्या एका डावाने देशभर पोचले. पुढे २०१४ साली संयुक्त अरब अमिरातीत झालेल्या १९ वर्षांखालील विश्वचषकात तो भारताचा कर्णधार होता. पोलाद, बियाणे आणि मोसंबी यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या जालन्याची क्रीडापानावर अशी नोंद होणे ही तेव्हा नवलाची गोष्ट होती.

नवल एवढ्यासाठी की जालन्यात शिवाजी पार्क नाही आणि डेक्कन जिमखानाही नाही. मुंबई-पुण्याच्या मुलाला एखाद्या क्लबच्या तीन पिढ्यांचे शहाणपण आयते मिळते. जालना, अंबड, भोकरदन, परतूर येथील मुलाला मिळतो तो मुरमाचा माळ, टेनिसचा चेंडू आणि पडद्यावर दिसणारा एखादा मोठा खेळाडू. तो त्या खेळाडूसारखा उभा राहतो, त्याच्यासारखी मनगटे फिरवतो, फटका मारून झाल्यावर बॅट त्याच्यासारखीच खांद्यावर नेतो. रविवारी सकाळी कोणत्याही मैदानाच्या कडेला उभे राहिले तर एका षटकात चार-पाच नामवंत फलंदाजांच्या सावल्या हलताना दिसतात.

प्रशिक्षकांना हे आवडत नाही. हौशी खेळाडूने व्यावसायिकाच्या फटक्याची नक्कल करू नये, हे मत क्रिकेटमध्ये आहेच. टेनिसमध्ये तर ते ठामपणे, जवळजवळ नियमासारखे सांगितले जाते. या मतामागे खरी कारणे आहेत. पण इतिहासात मागे गेले की दिसते, हे मत सांगणाऱ्याच्या हाताशी बहुधा प्रशिक्षक असतो. ज्यांना प्रशिक्षक कधीच मिळणार नव्हता, त्यांचे काय झाले, हा प्रश्न निराळा आहे आणि त्याचे उत्तर पुण्यात आहे.

आधी टेनिसवाल्यांची बाजू, कारण ती भक्कम आहे.

राफेल नदाल फोरहँड मारताना रॅकेट डोक्यावरून मागे नेतो, जणू एखाद्या गुराख्याने दोरीचा फास फिरवावा. ती ढब जगभरच्या क्लबांत उचलली गेली. अतिवेगवान चित्रण करून मोजदाद करणाऱ्यांना नदालचा चेंडू मिनिटाला सरासरी सुमारे ३,२०० फेरे घेताना आढळला. त्याच्या आधीच्या पिढीतील सॅम्प्रस आणि अ‍ॅगसी यांच्या चेंडूचे फेरे १,८०० ते १,९०० च्या आसपास होते. रॅकेट डोक्यावरून जाते ती या फिरकीपायी. रॅकेट खालून वर इतक्या वेगाने येते की तिला थांबायला दुसरी जागाच उरत नाही. म्हणजे प्रेक्षकाला दिसतो तो परिणाम. कारण त्याआधीच्या क्षणात, पायांत आणि कमरेत घडून गेलेले असते. क्लबातला गृहस्थ नेमका परिणाम उचलतो. त्याची रॅकेट डोक्यावरून जाते, चेंडू मात्र जाळीत जातो आणि खांदा आठवडाभर दुखतो.

हा फटका मुळात जन्माला आला कसा, हेही पाहण्यासारखे आहे. इंग्लंडच्या गवतावर चेंडू खाली राहतो, म्हणून तिथल्या जुन्या खेळाडूंची पकड खालच्या चेंडूला सोयीची होती. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, कॅलिफोर्नियात, सिमेंटच्या कोर्टांवर खेळणाऱ्यांकडे चेंडू खांद्याएवढा उसळून येई. त्यांचा तळवा मुठीच्या खाली सरकला. त्या पकडीला आजही ‘वेस्टर्न’ म्हणतात. नावात दिशा आहे आणि दिशेत जमीन आहे. लाकडी रॅकेटच्या काळात ही पकड एका कोपऱ्यात राहिली, कारण पावणेचारशे ग्रॅमची, लहान तोंडाची ती रॅकेट अशी झटकन वर खेचणे अवघड होते. १९७६ साली हॉवर्ड हेड यांनी मोठ्या तोंडाची ‘प्रिन्स’ रॅकेट बाजारात आणली. मग ग्रॅफाइट आले. १९९७ साली गुस्ताव्हो क्युर्टेन याने पॉलिएस्टरच्या तारा लावलेल्या रॅकेटने फ्रेंच स्पर्धा जिंकली. प्रत्येक टप्प्यावर हत्यार बदलले आणि फटका हत्यारामागून चालत गेला.

१९५५ सालच्या मुलाने नदालची नक्कल लाकडी रॅकेटने केली असती तर ते हास्यास्पद ठरले असते, आणि आजच्या मुलाने लाकडी रॅकेटच्या काळातला सपाट फोरहँड जसाच्या तसा उचलणे तितकेच विसंगत आहे. फटका म्हणजे जमीन, हत्यार आणि शरीर यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर. दुसऱ्याच्या प्रश्नपत्रिकेचे उत्तर पाठ करून गुण मिळत नाहीत. प्रशिक्षकांचे म्हणणे थोडक्यात हेच आहे आणि ते खोडून काढणे सोपे नाही.

येथे एक गंमत नोंदवायला हवी. ‘हौशीने व्यावसायिकाचे अनुकरण करावे का’ हा प्रश्न १९६८ पूर्वी टेनिसमध्ये फारसा अर्थपूर्णच नव्हता. विम्बल्डनचे दार तोवर व्यावसायिकांना बंद होते. १९६७ पर्यंतचा प्रत्येक विम्बल्डन विजेता नियमाप्रमाणे ‘हौशी’ होता. पैसे घेऊन खेळणारा दारातूनच परत जाई. १९६० आणि १९६१ साली उपान्त्य फेरी गाठणारे आपले रामनाथन कृष्णन हेही कागदोपत्री हौशीच. इंग्लंडच्या क्रिकेटमध्ये तर ही विभागणी अधिकच कडक होती. ‘जंटलमेन’ वेगळ्या दाराने मैदानात येत, ‘प्लेअर्स’ वेगळ्या. धावफलकावर नावाची आद्याक्षरे आधी छापायची की मागून, यावरून माणसाची पायरी कळे. १९६२ च्या हंगामानंतर हा भेद मोडीत निघाला. तोवर देखणा ड्राइव्ह ही हौशी सद्गृहस्थाची मालमत्ता मानली जाई आणि दिवसभर गोलंदाजी करणे हे मजुरीवर खेळणाऱ्याचे काम.

ही उतरंड भारतात आली तेव्हा तिच्या तळाशी आणखी एक पायरी खोदली गेली. त्या पायरीवर उभा होता बाळू पालवणकर.

बाळूंचा जन्म १८७६ चा. घराणे कोकणातल्या पालवण गावचे, चांभार जातीचे. वडील लष्करात नोकरीला, त्यामुळे मुलांचे बालपण पुण्याच्या छावणीच्या परिसरात गेले. बाळू आणि त्यांचे भाऊ शिवराम अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या सामानावर क्रिकेट शिकले. पुण्यात पारशांच्या क्लबात खेळपट्टी झाडणे आणि लोळवणे हे बाळूंचे पहिले काम. पगार महिन्याला तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात आले. इथे चार रुपये मिळू लागले. कामे कोणती? खेळपट्टीवर रूळ फिरवणे, तिच्यावर रेघा मारणे, सरावाच्या जाळ्या उभारणे आणि गरज पडेल तेव्हा टेनिसची कोर्टे आखून देणे. सोळा-सतरा वर्षांचा हा मुलगा साहेबांच्या दोन्ही खेळांच्या चुन्याच्या रेघा ओढत होता. त्या रेघांच्या आत त्याला जागा नव्हती.

नेटमध्ये मात्र कोणीतरी गोलंदाजी करावी लागते. क्लबातल्या एका साहेबाने बाळूंना चेंडू टाकायला सांगितले आणि तिथून सगळे सुरू झाले. त्यांना शिकवायला कोणी आले नाही. त्यांनी नमुना म्हणून निवडला तो कॅप्टन बार्टन नावाचा डावखुरा गोलंदाज. बार्टनची फेक संथ, सरळ आणि सहज होती. धावत येण्यात वा हात फिरवण्यात कसलाही आटापिटा नसे. बाळूंनी ती लय उचलली.

ही नक्कलच होती, आणि ती यशस्वी का झाली हे नीट पाहिले पाहिजे, कारण सारा वाद इथे सुटतो. बाळू स्वतः डावखुरे होते, म्हणजे नमुना आणि शरीर यांची बाजू एकच. बार्टन ज्या खेळपट्टीवर चेंडू टाकत होता, ती खेळपट्टी बाळू रोज पहाटे स्वतःच्या हाताने लोळवत होते. कुठे ओल आहे, कुठे माती भुसभुशीत आहे, हे बार्टनपेक्षा त्यांनाच जास्त ठाऊक असावे. हत्यारही तेच, चेंडू क्लबाचाच. शिवाय उचललेले खरे ठरले की खोटे, हे सांगणारा परीक्षक समोरच उभा होता.

त्या परीक्षकाचे नाव जे. जी. ग्रेग. इंग्लंडात हॅम्पशायरकडून खेळलेला हा लष्करी अधिकारी त्या काळी हिंदुस्थानातील गोऱ्या फलंदाजांत अव्वल मानला जाई. ‘जे. जी.’ या आद्याक्षरांचे देशी उच्चाराने ‘जंगली’ झाले आणि तेच त्याचे लाडके नाव पडले. इतर खेळाडू येण्याच्या तासभर आधी ग्रेग मैदानावर येई आणि बाळूंना गोलंदाजी करायला लावी. प्रत्येक वेळी बाद केल्यास तो बाळूंना आठ आणे देई, असे सांगितले जाते. महिन्याला चार रुपये पगार असणाऱ्याला आठ आणे म्हणजे जवळजवळ चार दिवसांचे वेतन. चुकीच्या नकलेला इथे काही मिळत नव्हते, बरोबर नकलेला रोख पैसे मिळत होते. यापेक्षा कठोर आणि प्रामाणिक शाळा कोणती?

या शाळेला एक भिंत होती. पूना क्लबात असंख्य तास गोलंदाजी करूनही बाळूंना तिथे एकदाही फलंदाजीची संधी मिळाली नाही. फलंदाजी हे साहेबांचे काम. ग्रेगचा कट बाळूंनी जितक्या जवळून पाहिला असेल तितका क्वचितच कोणी पाहिला असेल. पण पाहून उचललेले अजमावून बघायला हातात बॅट हवी. म्हणून त्या नेटमधून हिंदुस्थानचा पहिला थोर गोलंदाज बाहेर पडला, फलंदाज नव्हे.

नेमक्या त्याच वर्षांत, मुंबई इलाख्यातच, एक दुसरा माणूस स्वतःच्या बळावर क्रिकेट शिकत होता. रॉबर्ट पूर हा सातव्या हुझार पलटणीचा अधिकारी १८९२ ते १८९५ या काळात गव्हर्नर लॉर्ड हॅरिस यांचा एडीसी होता. शाळेत असताना पूरने क्रिकेटमध्ये काही नाव काढले नव्हते. हिंदुस्थानात आल्यावर त्याने ‘बॅडमिंटन लायब्ररी’ या मालेत १८८८ साली निघालेला क्रिकेटवरचा ग्रंथ अभ्यासकाच्या निष्ठेने वाचला आणि त्याबरहुकूम सराव केला. मालक स्वतः इंग्लंडचा माजी कर्णधार असल्यावर सरावाला मैदान आणि गोलंदाज कमी पडणार नव्हते. १८९९ च्या इंग्लिश हंगामात पूरने ९१.२३ च्या सरासरीने धावा केल्या, त्यांत सॉमरसेटविरुद्धची ३०४ धावांची खेळी होती.

पूर पुस्तकातून शिकला, बाळू डोळ्यांनी शिकले. पुस्तक म्हणजे तरी काय, थोरांच्या फटक्यांची शब्दांत केलेली नक्कल. फरक कुठे पडला तर पुढच्या वाटेत. पूर इंग्लंडला परतला तेव्हा दारे उघडीच होती. बाळूंना पुण्यातल्या आपल्याच लोकांच्या संघात शिरायला भांडण व्हावे लागले. हिंदू संघाला युरोपियनांना हरवायचे होते आणि त्यासाठी लागणारा गोलंदाज ‘अस्पृश्य’ होता. शेवटी त्याला घेतले. मैदानावर सगळ्यांनी त्याच चेंडूला हात लावला. चहाच्या वेळी मात्र बाळूंना तंबूबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळाला आणि जेवणाचे पान वेगळे मांडले गेले. साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याने त्यांचा चेंडू वळू नये म्हणून कित्येक दिवस खेळपट्टीवर रूळ फिरवला होता, असे सांगतात. रुळाची भाषा ज्याला पोटापाण्यासाठी शिकावी लागली होती, त्याच्याविरुद्ध रूळ! बाळूंनी सात बळी घेतले. पुण्यात त्यांचा सत्कार झाला तेव्हा न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांची प्रशंसा केली आणि लोकमान्य टिळकांनी हार घातला.

पुढची कथा ठळक आहे. प्लेगच्या सुमारास बाळू मुंबईला आले, हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्यात बाळू आणि शिवराम या दोघा भावांचा मोठा वाटा होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली गेलेला हिंदी संघ इंग्लंडात बहुतेक सामने हरला, तरी बाळूंनी त्या दौऱ्यात १८.८४ च्या सरासरीने ११४ बळी घेतले. कॅप्टन बार्टन आज इतिहासाला आठवतो तो केवळ त्याची नक्कल करणाऱ्या मुलामुळे.

मग नक्कल करावी, असा निकाल द्यायचा का? थोडे थांबायला हवे, कारण उलट्या बाजूचे साक्षीदारही तितकेच मोठे आहेत.

रणजितसिंहजी केंब्रिजला असताना वेगवान चेंडूपासून त्यांचा उजवा पाय बाजूला सरके. डॅन हेवर्ड या व्यावसायिकाने तो पाय जमिनीला बांधून सराव करवला, अशी कथा आहे. पाय हलेना, तेव्हा शरीराला वळून मनगटाने चेंडू लेगला वळवणे भाग पडले आणि त्यातून लेग ग्लान्स बहरला. शिक्षकाला शास्त्रशुद्ध बचाव शिकवायचा होता. शिष्याच्या हाती पडला त्या काळच्या इंग्लंडने न पाहिलेला फटका. गमतीचा भाग असा की याच रणजींनी १८९७ साली क्रिकेटचा एक जाडजूड पाठ्यग्रंथ प्रसिद्ध केला.

सांगलीचे विजय हजारे हे दुसरे. क्लॅरी ग्रिमेट या ऑस्ट्रेलियन फिरकी गोलंदाजाचे मार्गदर्शन त्यांना लाभले. हजारे उभे राहत ते बॅट दोन पॅडच्या मधोमध धरून. कोणत्याही पुस्तकात ती उभे राहण्याची रीत सापडणार नाही. इतक्या मोठ्या गुरूच्या हाताखालून जाऊनही ती ढब तशीच राहिली. जानेवारी १९४८ मध्ये अ‍ॅडलेडला लिंडवॉल आणि मिलर यांच्यासमोर त्याच ढबीत त्यांनी एकाच कसोटीत ११६ आणि १४५ धावा काढल्या. चांगला शिक्षक काय शिकवतो यावरून ओळखला जातो, तसाच काय शिकवत नाही यावरूनही.

सांगलीचेच नंदू नाटेकर तरुणपणी टेनिस खेळत. राष्ट्रीय कनिष्ठ गटाच्या अंतिम सामन्यात त्यांना रामनाथन कृष्णन यांनी हरवले. त्यानंतर नाटेकरांनी बॅडमिंटन जवळ केले आणि १९५६ साली परदेशात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. टेनिसच्या जुन्या शाळेत मनगट घट्ट ठेवायला शिकवत. बॅडमिंटनमध्ये मनगट हेच भांडवल. कोणत्या शरीराने कोणता नमुना घ्यावा, हा प्रश्न कधी कधी खेळ बदलण्यापर्यंत जातो.

आणि वांद्र्याच्या साहित्य सहवासातला एक मुलगा. १९८१ साली जॉन मॅकेन्रोने विम्बल्डनला बोर्गला हरवले तेव्हा सचिन तेंडुलकर आठ वर्षांचा होता. त्याने केस वाढवले, कपाळाला पट्टी बांधली, मनगटालाही पट्टी लावली आणि काही काळ तो टेनिसच्याच नादात होता. नकलेचा हा सर्वांत निरुपद्रवी आणि सर्वांत वरवरचा प्रकार. पट्टीने फोरहँड सुधारत नाही. पण पट्टी बांधलेला मुलगा मैदानावर जास्त वेळ थांबतो, हे प्रशिक्षक विसरतात. पुढे तो क्रिकेटकडे वळला तेव्हा थोरल्या भावाच्या मोठ्या बॅटमुळे त्याचा हात मुठीच्या तळाशी गेला होता. आचरेकर सरांच्या शिवाजी पार्कमध्ये हजारो मुलांच्या पकडी दुरुस्त झाल्या असतील. ही पकड शेवटपर्यंत तशीच राहिली. पुढच्या पिढीत ज्यांनी सचिनची पकड हुबेहूब उचलली, त्यांनी एका लहान मुलाच्या हातात आलेल्या मोठ्या बॅटची नक्कल केली. कारण संपले होते, परिणाम उरला होता.

म्हणजे नक्कल चांगली की वाईट, हा प्रश्नच अपुरा आहे. बाळूंनी बार्टनची लय घेतली आणि ती रोज समोरच्या फलंदाजावर तपासली. नदालची नक्कल करणारा क्लबातला गृहस्थ फटक्याचा शेवट घेतो आणि तपासायचे टाळतो. सरधोपटपणे ‘थोरांची नक्कल नको’ असे सांगणारा पहिल्याची वाट बंद करतो, दुसऱ्याला मात्र फारसा धक्का लागत नाही. त्याला पैसे मोजून शिकवणी लावता येते.

आता जालन्याकडे. ज्या वर्षांत बाळू पुण्याची खेळपट्टी लोळवत होते, त्या वर्षांत जालन्यातही छावणी होती, हैदराबाद कंटिन्जंटची. पण १९०३ साली ती फौज उठली. पुण्याची छावणी राहिली. तिच्याभोवती क्लब, जिमखाने, देशी संघ आणि त्यांची ईर्ष्या वाढत गेली. १९०६ साली डेक्कन जिमखाना उभा राहिला तो त्याच वातावरणात. जालना १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, नंतर औरंगाबाद जिल्ह्याचा भाग आणि १ मे १९८१ पासून स्वतंत्र जिल्हा. आजही एका महाराष्ट्र राज्यातून रणजी करंडकात मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र असे तीन संघ उतरतात. जालन्याच्या मुलाची वाट तिसऱ्या संघातून, म्हणजे पुण्यावरून जाते. पुण्याला पोचेपर्यंत त्याचा गुरू म्हणजे त्याचे डोळे.

त्या डोळ्यांसमोर अडचण आहे ती चेंडूची. टेनिसचा चेंडू हलका असतो, उंच उसळतो, शिवण नसल्यामुळे टप्प्यावर पडून कातरल्यासारखा बाहेर जात नाही. हिरवळीवर लाल चेंडूला पुढचा पाय टाकून मारलेला कव्हर ड्राइव्ह मुरमाच्या माळावर याच चेंडूला मारू पाहिला तर चेंडू बॅटच्या वरच्या भागाला लागून उडतो. तिथला शहाणा फलंदाज मागे राहतो, आडव्या बॅटने खेचतो, किंवा चेंडू उसळण्याआधीच उचलून मारतो. ही त्या जमिनीची, त्या चेंडूची स्वतःची रीत आहे. कॅलिफोर्नियाच्या सिमेंटने वेस्टर्न पकड दिली, तितकीच खरी. पडद्यावरचा ड्राइव्ह उचलणारा मुलगा माळावर बाद होतो आणि माळावरची खेच घेऊन निवड चाचणीला गेलेला मुलगा तिथे बाद होतो. दोन्ही खेळ एकाच शरीरात ठेवायचे तर चेंडू बदलला की नमुनाही बदलावा लागतो. म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणी लाल चेंडूने, मॅटवर का होईना, आठवड्यातून काही तास सराव मिळणे ही चैन मानता येणार नाही. बाळूंना ग्रेग जसा हवा होता, तशी ती गरज आहे.

एक बारीक गोष्ट राहते. डावखुऱ्या मुलाला उजव्या खेळाडूची नक्कल करताना सगळे आरशात पाहावे लागते. कोणता पाय, कोणता खांदा, हे मनात उलटे करून घ्यावे लागते आणि त्यात निम्मे हुकते. बाळूंना पूना क्लबात बार्टन भेटला, तो योगायोगाने डावखुरा होता. जालन्यातल्या आजच्या डावखुऱ्या मुलासमोर त्याच्याच गावचा, त्याच्याच हाताने खेळणारा आणि ४५१ वर नाबाद राहिलेला एक फलंदाज आहे.